मदत हवी आहे: धर्मादाय दवाखान्याने मावशीकडून पूर्ण बिल घेतलं (सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझी मावशी विडी घरकुलात एकटी राहते. चाळीस वर्षं विड्या वळल्या, अजूनही बोटांना तंबाखूचा वास येतो. मागच्या महिन्यात मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं. नेलं त्या दवाखान्याच्या पाटीवर ‘धर्मादाय’ असं ठळक लिहिलेलं आहे. मी घडीवर चिकटपट्टी लावलेलं पिवळं रेशनकार्ड काउंटरवर ठेवलं. तिथल्या बाईंनी ते उघडलंसुद्धा नाही. “राखीव खाटा फुल्ल आहेत, आधी डिपॉझिट भरा.” भरलं. मावशीच्या पाटल्या गहाण आहेत.

नंतर कळलं की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे अशा दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. सत्तरीनंतर मोफत उपचारांसाठी मिळणारं आयुष्मानचं वय वंदना कार्डही नाही, कारण आधारवर वय ६८. खरं वय तिलाही ठाऊक नाही, म्हणते “दुष्काळात जन्मले.” आता सोलापुरात दुष्काळ कुठला धरायचा?

विचारायचं असं की, बिल भरून झाल्यावर धर्मादाय कार्यालयात तक्रार केली तर पैसे परत मिळतात का? कुणाला मिळालेत? त्या दिवशी खाटा खरंच भरलेल्या होत्या का, हे कसं तपासायचं? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो म्हणे. अर्जाला काय काय जोडलंत? आणि मावशी निर्धन आहे हे दाखवायला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नाही, तो नंतरच्या तारखेचा चालेल का?

अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज.