क्लचने तुम्हाला कुठे रडवलं?

गणपती तोंडावर आलेत, निम्म्या गाड्या घाटात करपट वास मारत उभ्या राहणार, म्हणून धागा आत्ताच काढतोय. 'गॅरेजवाल्याने लुटलं' एवढंच नको, उघडल्यावर आतून काय निघालं तेही लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून.

माझ्यापासून सुरुवात. कशेडीचा बोगदा व्हायच्या आधी चढावर दोन तास रांगेत होतो. पुढची गाडी हातभर सरकली की मीही सरकायचो, मधल्या वेळात ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायचो. फार भारी वाटायचं तेव्हा. भरणे नाक्याला पोचेस्तोवर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी ढिम्म. मेस्त्रीने क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) हातात दिली तर घासून रिव्हेट वर आलेले, आणि ती ज्यावर दाबून बसते त्या इंजिनच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, तापून निळे डाग. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंगही तेव्हाच बदललं, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कोण देणार?

कुडाळ
माझं उलटं. गाडी वापरली नाही म्हणून अडली. मुंबईच्या भावाची गाडी अख्खा पावसाळा पडवीलगतच्या शेडमध्ये होती. चतुर्थीच्या आधी चालू केली तर क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडेना, नुसतं करकर. दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. समोर तुळशीवृंदावन, म्हणून आधी गाडी ढकलत मोकळ्या जागेत नेली. मेस्त्रीने इंजिन बंद असतानाच गिअर टाकला, क्लच तळाला दाबून स्टार्टर मारला आणि उसळत निघालेल्या गाडीला ब्रेक लावला. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा 'टक्'. सुटली! दर वेळी सुटतेच असं नाही म्हणाला, कधी खोलावीच लागते. आता दर रविवारी मीच ती बाजारापर्यंत फिरवून आणतो. (पेट्रोल माझं, बरं का.)

हर्णै
बाईक. खाऱ्या वाऱ्याने क्लच वायर गंजते आणि लिव्हरच्या टोकाशी एकेक तार तुटत जाते. लिव्हर जड लागली की समजा. मी दुसरी वायर जुनीला बांधूनच ठेवतो.

गुहागर
धोपाव्याला फेरीबोटीवर गाडी चढवताना पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मागे रांग, हॉर्न, सल्ले. आठ-दहा वेळा पंप केल्यावर कसाबसा गिअर पडला. पेडलने ढकललेल्या ऑइलच्या दाबावर क्लच सोडवणारा जो स्लेव्ह सिलिंडर, त्याचं रबर गेलेलं. आदल्या आठवड्यात क्लचच्या डबीतलं ऑइल कमी झालेलं दिसलं होतं, मी नुसतं वरून ओतलं. गळतंय कुठे ते बघितलंच नाही.

मालवण
चारचाकीचं उरलेलं इंजिन ऑइल बाईकमध्ये घातलं. बाईकच्या क्लच प्लेटा त्याच ऑइलात भिजलेल्या असतात हे डोक्यातच नाही आलं. चढावर प्लेटा स्लिप, म्हणजे इंजिन फिरतंय पण ताकद चाकापर्यंत पोचेना. ऑइल बदललं, नशिबाने प्लेटा वाचल्या.

सावंतवाडी
आंबोली घाट उतरताना पाय कायम क्लचवर टेकवायची सवय होती. रिलीज बेअरिंग घुंई करायला लागलं. आमचा मेस्त्री म्हणाला, "मेल्या, ह्यो क्लच हा, पाय ठेवूचो पाट नाय." बेअरिंगपेक्षा ते जास्त लागलं.

चिपळूण
कुंभार्ली घाटात जाण्याआधी मी सपाटीवर हँडब्रेक ओढून टॉप गिअर टाकतो, थोडा रेस देऊन क्लच सोडतो. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय, चालूच राहिलं तर स्लिप. सारखं करू नका, त्यानेही घासते. काल केलं. पडली बंद.