दहावीच्या तुकडीचे वर्गचिन्ह: कशाचे करावे, कुठे लावावे?

चित्रकलेच्या बाई

नमस्कार. मी पुण्यात, पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवते. निरोप समारंभाला शाळेस घड्याळ किंवा पंखा भेट देण्याची आमच्याकडची पद्धत मोडून यंदाच्या दहावीने आपल्या तुकडीचे एक चिन्ह तयार करायचे ठरवले आहे. ते शाळेत कायमचे लागावे आणि पुढच्या प्रत्येक तुकडीने आपापले चिन्ह त्याच भिंतीवर लावत जावे, असा मुलांचा मानस आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण खर्च सहा हजारांच्या वर जाऊ नये आणि पूर्वपरीक्षेच्या अभ्यासात खंड पडू नये, अशा दोन अटीही घातल्या.

वर्गात ४२ मुले आहेत आणि माझ्याकडे १९ रेखाटने जमा झाली आहेत. त्यांतल्या अकरांमध्ये पुस्तक, ज्योत आणि उगवता सूर्य आहे. काहींनी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा काढला आहे, एकाने राजमुद्रेवरचे सिंह घेतले आहेत, आणि एका मुलीने अंगणातल्या चिंचेची एकच डहाळी काढली आहे. मिळालेली जागा व्हरांड्यातली बारा फुटांची भिंत असून तिच्यावर पश्चिमेकडून पावसाची झड येते. फ्लेक्स नको, एवढेच मी ठामपणे ठरवले आहे. बाकी चिन्ह कशाचे करावे, त्यावर सगळ्यांची नावे असावीत का आणि निवड कोणी करावी, याविषयी जाणकारांनी सांगावे.

जुना विद्यार्थी

बाई, आमच्या तुकडीनेही असा प्रयत्न केला होता. जिन्याशेजारच्या भिंतीवर आम्ही ऑइलपेंटने चार फुटांचे चिन्ह रंगवले. तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला रंग काढला, तेव्हा ते पांढऱ्या डिस्टेंपरखाली गेले. रंगाऱ्याचा दोष नव्हता, कारण ही भिंत सोडायची असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की चिन्ह भिंतीवर रंगवू नका, भिंतीला लावा. आणि शाळेच्या दप्तरात त्याची रीतसर नोंद करून घ्या. मुख्याध्यापक बदलतात, शिपाई निवृत्त होतात, पण नोंदवहीतली वस्तू काढून टाकताना माणूस दोनदा विचार करतो.

नावांबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती नकोत. आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या सभागृहांत शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांचे लाकडी फलक असतात. त्यांचा मान आहेच, परंतु त्या फलकांवर एका वर्षाला एक-दोन नावे बसतात आणि उरलेला वर्ग कुठेच दिसत नाही. वर्गचिन्ह हे या उरलेल्यांचेही असते. त्यावर फक्त साल असावे.

तांबट आळीकर

आमच्या घरात तीन पिढ्या तांब्याचे काम आहे, त्यामुळे मी तांब्याची बाजू घेणार हे उघड आहे. तरी कारणे ऐकून घ्यावीत.

ॲक्रिलिक आणि छापील विनाइल पश्चिमेच्या उन्हात विटते. पितळी पत्र्यावर फेरिक क्लोराइडने अक्षरे खोदता येतात, पण ते रसायन मुलांच्या हाती देणे मला पटत नाही. कडाप्प्यावर कोरून घेतले तर टिकेल, मात्र सगळे काम कारागीर करील आणि मुले नुसती पाहत उभी राहतील. कसब्यातल्या तांबट आळीत पेशवाईपासून मठारकाम चालत आले आहे, त्यात मुलांना हात घालता येतो. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने तांब्यावर शेजारी शेजारी ठोके देत गेले की लहान लहान खळगे पडतात आणि प्रत्येक खळगा वेगळा चमकतो. हे केवळ शोभेसाठी नसते. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो (पोलादाचे नेमके उलट होते) आणि ठोक्यांनी पुन्हा कडक होतो. घागर-बंबाला बळकटी येते ती या मठारण्यामुळे.

माझी सूचना अशी आहे. १० इंच चौरस आणि १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. आजच्या भावाने पत्रा आणि मजुरी मिळून तुमच्या रकमेत बसेल. मधली आकृती मी राळेवर पत्रा बसवून उठावात काढून देईन आणि भोवतालची पट्टी मुलांनी मठारावी. ४२ जणांनी प्रत्येकी दहा-बारा ठोके दिले तर पट्टी भरते. कोणाचा ठोका तिरका पडेल, कोणाचा खोल जाईल. तो तसाच राहू द्यावा. नावे हवीच असतील तर पत्र्याच्या पाठीवर कोरावीत, म्हणजे वरच्या दादांचेही समाधान होईल.

बसवताना लोखंडी स्क्रू अजिबात वापरू नयेत. ओल लागली की तांब्याशेजारचे लोखंड झपाट्याने गंजते आणि भिंतीवर ओघळ उतरतात. पितळी स्क्रू घ्यावेत.

रेषा आणि अक्षर

मी बोधचिन्हांच्या आरेखनाचे काम करते. तांब्याचा विचार मला आवडला, आणि त्यामुळे निवडीचा प्रश्नही बराच सोपा होतो, कारण उठावात बारीक तपशील टिकत नाही. प्रत्येक रेखाटन एक इंचाचे करून एकाच काळ्या रंगात छापा आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लावा. जे तेथून ओळखू येणार नाही, ते बाद करा. दिल्ली दरवाजा, त्याचे बुरूज आणि खिळे या कसोटीला उतरणार नाहीत. पुस्तक आणि ज्योत उतरतील, पण ती महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांच्या चिन्हांत आधीच आहेत. राजमुद्रेचे सिंह मात्र आताच बाजूला ठेवा. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने आणि २००७ च्या नियमांनी बंधने आहेत. शाळेच्या तुकडीने ती आपल्या चिन्हात घेऊ नये.

चिंचेची डहाळी मी न पाहताच निवडली असती. ती त्या अंगणातली आहे, आणि संयुक्त पानाची जोडीजोडीने जाणारी पानुली उठावात फार स्वच्छ उतरते.

मापाचेही आजच ठरवा. दहा इंचांचा पत्रा आणि दोन इंचांची मोकळी जागा धरली तर एका चिन्हाला एक फूट लागतो. बारा फुटांच्या भिंतीवर दोन ओळींत २४ वर्षांची सोय होते. पुढच्या तुकडीने आपले चिन्ह दीडपट मोठे केले की ही परंपरा तिथेच भांडणात संपते. माप सर्वांना एक असावे, आकृती ज्याची त्याची.

चित्रकलेच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. काल एक इंचाची कसोटी घेतली. सात रेखाटने उरली, आणि गुप्त मतदानात ४२ पैकी २६ मते चिंचेला पडली. राजमुद्रावाला मुलगा जरा हिरमुसला होता. त्याने सालाचे आकडे काढायचे अंगावर घेतले आहे. नावे पाठीवर जातील. नववीच्या मुलांनी दर वर्षी जूनमध्ये त्याच झाडाच्या चिंचेने आणि मिठाने पत्रा घासावा, असे दहावीनेच परस्पर ठरवून टाकले आहे आणि नववीला अद्याप कळवलेले नाही.

तांबट आळीकर, पूर्वपरीक्षा संपल्यावरच्या दोन शनिवारी मी मुलांना सात-सातच्या गटाने आणू शकेन. ठोके देताना पत्रा सरकून बोट सापडण्याची भीती आहे का, तेवढे आधी सांगावे, म्हणजे पालकांना तसे कळवता येईल.

तांबट आळीकर

पत्रा मी धरीन. मुलांनी दोन्ही हातांनी हातोडा धरायचा, म्हणजे बोट मध्ये येण्याचा प्रश्नच राहत नाही. आवाज मात्र फार होतो, तेव्हा कानात घालायला कापूस आणावा. आणि प्रत्येकाने आधी भंगारातल्या तुकड्यावर पाच ठोके मारून बघायचे. ते तुकडे त्यांनी घरी न्यावेत.