प्रतिसाद: रुंद टायर निवडताना व्यासाचा हिशेब
१८५/६५ आर १५ ऐवजी त्याच रिमवर २०५/६५ आर १५ बसवावेत का, या मूळ प्रश्नावर आतापर्यंत चर्चा पकड आणि दिसण्याभोवतीच फिरली, म्हणून व्यासाचा मुद्दा मांडतो. या मापात १८५ ही टायरची मिमीमधली रुंदी, १५ हा रिमचा इंचातला व्यास, आणि ६५ हा टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्केवारीतला आकडा असल्याने रुंदी वाढली की टायरची उंचीही वाढते; येथे एकूण व्यास सुमारे ६२१ मिमीवरून ६४७ मिमीवर जातो, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा गाडी १०४ च्या आसपास धावत असेल. त्यापेक्षा १६ इंची अलॉयवर (मिश्रधातूच्या चाकावर) १९५/५५ घेतल्यास व्यास जवळजवळ तोच राहतो, आणि माझ्या मते हाच बदल शहाणपणाचा आहे.

अलॉयचा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून ते गाडीला जिथे बसते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) मात्र मूळ चाकाच्या जवळचाच असावा, कारण तो बराच कमी असेल तर चाक बाहेर येऊन बेअरिंगवरचा ताण वाढतो. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो हे सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, हे तर उघडच आहे. बसवल्यावर गाडीत पूर्ण भार ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. चाकाच्या कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली, तर ते माप त्या गाडीचे नव्हे.