जिनिंगच्या आगीत अंगावरचा अलार्म कामाचा आहे का?

प्रश्न: हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. रुईच्या ढिगाला आग लागली की नगरपरिषदेची गाडी येईपर्यंत आमचीच पोरं पाइप घेऊन आत शिरतात. धुरात हातभरावरचा माणूस दिसत नाही. माणूस पडला की आपोआप वाजणारा अलार्म असतो म्हणे. मालक म्हणतात, मोबाइल आहे ना. घ्यावा का भाऊ?

उत्तर १: बेशुद्ध माणूस मोबाइल लावेल कसा? मी अग्निशमनात होतो. या यंत्राला 'पास' म्हणतात. हालचाल साधारण 30 सेकंद थांबली की जोरात वाजतं. त्याआधी हळू इशारा देतं, तेव्हा अंग हलवलं की गप्प होतं. शुद्धीत असून अडकलात तर बटण दाबायचं. अमेरिकेच्या एनएफपीए या आगसुरक्षा संस्थेच्या 1982 क्रमांकाच्या मानकात 3 मीटरवर 95 डेसिबल आवाज मागितला होता. तरी आधी मशीन बंद करा, जिनच्या घरघरीत तो दबेल.

पण भाऊ, श्वासाच्या हवेचा सिलिंडर-मास्क नसेल तर अलार्म बांधून पोरांना आत पाठवू नका, हात जोडतो. तो पडलेला माणूस शोधून देतो, धुरापासून वाचवत नाही. बाहेर मास्क घातलेली दुसरी जोडी तयार पाहिजे.

उत्तर २: विहिरीत मोटर काढायला उतरताना चालेल का दादा?

उत्तर १: या अलार्मला ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही. तिथं गॅस मीटर, अंगाला पट्टा, वर दोर धरणारी माणसं. आणि एक पडला म्हणून मागोमाग दुसऱ्यानं उडी मारायची नाही.