ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन केलीय, आत कुत्रं न मांजर, गॅसची भीती वाटायलीय

जुळे_सोलापूरकर
मंडळी नमस्कार. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीटा काढल्या, दोन बेड, छोटा ओटा, पाच किलोचा सिलिंडर न शेगडी बसवलीय. सोबत मोती (गावठी, अडीच वर्षाचा) आणि चिमी, म्हणजे मांजर. गेल्या रविवारी नळदुर्गचा किल्ला बघून परत यायलो होतो, रोडच्या कडेला गाडी लावून आत चहा केला, आम्ही बाहेर बसून पितोय न मोती आतच. दहा मिनिटांनी बायको कप ठेवायला गेली तर गॅसचा वास! शेगडी जुनी आहे, बटण दाबावं लागत नाही नुसतं फिरतं, मोतीला ओट्याला अंग घासायची सवय, तेवढ्यात फिरलं असणार. आणि हा पठ्ठ्या खाली शेगडीजवळ निवांत झोपलेला. रेग्युलेटर बंद करून दारं उघडली, झालं काही नाही, पण हात थरथरत होते. गॅस अलार्म छताला लावलाय तो वाजलाच नाही. बिघडलाय का? आणि रात्री या दोघांना बांधून ठेवावं का मोकळं? मे महिन्यात महाबळेश्वर ठरलंय.

गॅसफिटर_अण्णा
अलार्म बिघडला नसेल हो, जागा चुकलीय. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड, गळला की पाण्यासारखा खाली साचतो, म्हणजे तुमचा मोती झोपतो तिथंच आधी. वर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर लावा, पण मोतीच्या शेपटीला न पाण्याच्या वाटीला लागणार नाही अशा कोपऱ्यात. छताला धुराचा अलार्म पाहिजे, तो वेगळा, दोन्ही घ्या. शेगडी बदला, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी मिळते, तीच घ्या. बटणाला कव्हर पण मिळतं. आणि चहा झाला की नुसतं बटण नाही, रेग्युलेटर पण बंद करायची सवय लावा. पाइप आयएसआयचा केशरी सुरक्षा पाइप आहे ना? त्याची पण मुदत असते, पाच वर्षं. कुत्र्यानं चावलाय का ते दर ट्रिपच्या आधी हात फिरवून बघा न जोडाला साबणाचा फेस लावा, फुगे आले की गळतंय. काडी पेटवून बघणारे महाभाग पण बघितलेत मी.

वास आला तर लाइट, पंखा काहीच चालू-बंद करायचं नाही. पहिलं जनावरं न माणसं बाहेर, मग बाकीचं. १९०६ नंबर सेव्ह करा, गॅस गळतीचा, २४ तास चालतो.

भटकी_ताई
दादा, आत पट्ट्यानं बांधू नका प्लीज. आग लागली तर गाठ सोडायला वेळ नसतो, न घाबरलेलं कुत्रं आपल्या माणसाला पण चावतं. मोकळं ठेवा, पट्टा मात्र दाराच्या आत खुंटीला कायम, अंधारात हाताला सापडला पाहिजे. मांजराचं उलट. मांजर धुराला घाबरून पळत नाही, सगळ्यात अवघड सांदीत जाऊन बसतं, बेडखाली हात घालून शोधत बसाल तर तुम्ही पण अडकाल. रात्री चिमी पिंजऱ्यातच, पिंजरा दाराशी, रोज तिथंच खायला द्या म्हणजे सवय होते. काचेवर स्टिकर लावा, आत कुत्रं-मांजर आहे न तुमचा फोन नंबर.

आणि समजा धूर नाकात गेलाच तर कुत्रं ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या, फुप्फुसाला सूज काही तासांनी पण येते. भाजलं तर साधं गार पाणी, बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही.

एमएच_१३_वाला
एवढं सगळं कशाला बे, शेगडी बाहेर मांडा, विषय संपला. आणि सोलापुरी चादर असताना आग कशाला वाढेल, टाकली की विझली 😄

वायरमन_होटगी_रोड
एमएच १३ चं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. सुती चादर कढईच्या तेलाला लागली तर तीच पेटते. कढई पेटली तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून ताट झाकायचं. आग विझवायचा सिलिंडर एबीसी पावडरचा घ्या, दोन किलोचा बास, दाराजवळ लावा, आत ओट्याखाली नको. आठ-दहा सेकंदात संपतो म्हणून नेम ज्योतीच्या बुडाशी, न ती पावडर बंद गाडीत श्वासाला त्रास देते, मोती-चिमी आधी बाहेर.

माझा विषय वायरिंग. गाडी नुसत्या गॅसनं नाही, वायरनं पण पेटते. बॅटरीच्या प्लसला लगेच फ्युज आहे का? इन्व्हर्टरची वायर सीटखालून उघडी गेली असेल तर पाइपमध्ये घाला, मांजर चावतं. आणि महाबळेश्वरला थंडी वाजली म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, माणूस न कुत्रं दोघं झोपेतच जातात.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार. अलार्म खाली घेतला, नवीन शेगडी आणली. काल संध्याकाळी घरासमोर गाडी लावून रंगीत तालीम केली, मी ओरडलो "चला बाहेर", चिमी पिंजऱ्यात होती म्हणून तिला दहा सेकंदात काढलं. मोती मात्र आवाजाला घाबरून बेडखाली. मग सुके बोंबील दाखवून पाच वेळा केलं, आता "चला" म्हटलं की उडी मारतो. पण त्यात एक कळलं, मागचं दार आतून उघडतच नाही, बाहेरूनच खटका आहे! दोन वर्षं हीच गाडी फिरवायलो न माहीत नव्हतं. उद्या सकाळी मेकॅनिककडं जायलोय, ते होईपर्यंत महाबळेश्वर कॅन्सल.