चाकातून येणारा जळका वास: तुमचे अनुभव लिहा

रानवाट
काल सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. काच खाली होती, वास थेट नाकात. एकदा घेतलेला हा वास माणूस विसरत नाही. हात करून सांगितलं, डाव्या पुढच्या चाकातून धूर येतोय, बाजूला घ्या. तेव्हापासून आमच्या गाडीचं ते प्रकरण डोक्यात घोळतंय, म्हणून धागा.

आमच्याकडे गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड बदलून दिले होते. थोडे दिवस बरं, मग परत तेच. दुसऱ्या मेकॅनिकने आधी जुने पॅड मागितले. डिकीत होते म्हणून बरं. आतल्या पॅडचं मटेरियल झिजून पत्र्याला टेकलेलं आणि बाहेरचा जवळपास नवा! पॅडचा काही दोष नाही म्हणाला, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत नाहीये. कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन हाताने निघेचना. निघाली तेव्हा तिच्यावर तपकिरी गंजाचा थर, आणि पिनवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, एका कडेला चिरलेला, पाणी तिथून आत जात होतं. पिन साफ केली, बूट नवे, ब्रेकचं खास सिलिकॉन ग्रीस. वास गेला तो गेलाच. नुसते पॅड बदलून घरी पाठवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. पॅड का झिजले हे बघायला नको?

तुमच्याकडे काय निघालं ते लिहा.

सायसाखर
साधं ग्रीस लावू देऊ नका हे ठळक लिहा हो. रबर फुगतं त्याने, आणि पिन परत जाम.

उतारवारा
आमचा लांबलचक घाट उतरतानाचा. चारही चाकांना वास होता, म्हणजे जाम वगैरे काही नाही, ब्रेक तापले होते. दादा चालवत होता, पॅडल मऊ लागायला लागलं म्हणाला. ते ऐकून आईने देवाचं नाव घेतलं. दादाने घाई न करता गिअर खाली घेतले, तिसरा, मग दुसरा, आणि रुंद जागा बघून थांबला. हॅन्डब्रेक नाही ओढला. तापलेल्या ब्रेकवर ओढून ठेवला तर तिथेच चिकटू शकतो. गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावले. एकजण बाटली घेऊन पाणी ओतायला धावत आला, त्यांना हात जोडून थांबवलं. लालबुंद डिस्कवर गार पाणी म्हणजे तडा जायची भीती. हवेवरच निवू द्यायचं.
ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमचे बाबा कायम सांगायचे.

कडीकोयंडा
पॅडल मऊ = ब्रेक ऑइल उकळलं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) ची उकळण्याची किमान मर्यादा नवीन असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरला की १५५. डॉट ३ ची २०५ वरून १४०. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला सांगतात. लोक इंजिन ऑइल वेळेवर बदलतात आणि याला हातही लावत नाहीत.

मधली_सुट्टी
ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचं घाटात?

उतारवारा
@मधली_सुट्टी मॅन्युअल मोड असेल तर खालचा गिअर धरून ठेवा, नाहीतर एल किंवा २. न्यूट्रल कधीच नको.

पिंपळपार
आमच्याकडे चढावर वास यायचा. ब्रेक ब्रेक करत सगळं तपासलं, निघाला क्लच! अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय होती ड्रायव्हरला. चढावर आला तर क्लच, उतारावर आला तर ब्रेक, असा माझा पहिला अंदाज असतो आता. आणि खाली एकदा वाकून बघा, सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली तरी असाच घाण वास सुटतो.

सायसाखर
पिशवी +१

शुभ्रकमळ
धागा वाचतेय. आजारपणानंतर मला वासच येत नाही, आणि गाडी रोज एकटीच चालवते. मला हे कळायचं कसं?

रानवाट
ताई, बरं झालं विचारलंत. आमची गाडी वासाच्या आधीपासून सांगत होती खरं तर. सपाट रस्त्यावर पाय काढला की लगेच मंदावायची, एका बाजूला ओढायची, एव्हरेजही पडलं होतं. शिवाय फेरी मारून आल्यावर चाकाला न शिवता रिमजवळ तळहात धरा. डावं-उजवं सारखं गरम हवं. एकच चाक भट्टीसारखं लागलं तर लगेच दाखवा.

शुभ्रकमळ
मनापासून आभार. आजपासूनच बघते. वास जाणं कसलं असतं हे लोकांना कळत नाही, दूध उतू गेलेलंही समजत नाही.

सायसाखर
ताई, माझ्या बहिणीचंही असंच होतं, हळूहळू परत यायला लागलाय. तुमचाही येवो.

लोहारनेट
घाईत लिहितोय, गाडी जॅकवर आहे. पिन मोकळ्या असूनही चाक जाम असेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा, ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) जरासा सैल करा. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर प्रेशर अडकलंय: होज पाइप (चाकाकडे ऑइल नेणारी रबरी नळी) आतून फुगून बंद झालाय किंवा पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे भानगड. चाक तरीही जाम तर कॅलिपरचा पिस्टन, नाहीतर हॅन्डब्रेकची केबल. होज वरून अगदी चांगला दिसतो, त्यामुळे नवा कॅलिपर टाकूनही त्रास तसाच राहिलेले लोक येतात माझ्याकडे. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. आणि हे ज्याला ब्लीडिंग येतं त्यानेच करा, हवा आत राहिली तर ब्रेकच लागणार नाही.

मधली_सुट्टी
नवे पॅड टाकले काल, थोडा वास येतोय. घाबरू का?

लोहारनेट
नव्या पॅडमधलं रेझिन तापतं, पहिले काही दिवस थोडा येतो. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर चालेल. एकाच चाकाला असेल किंवा धूर दिसला तर चालवू नका, जाग्यावर बोलवा कुणाला तरी.

मधली_सुट्टी
दोन्हीकडे सारखाच आहे. हुश्श.

पिंपळपार
इलेक्ट्रिकवाले कुणी आहे का इथे? मोटरच गाडी मंदावते म्हणून ब्रेक कमी वापरले जातात, आणि पिना नुसत्या बसून गंजतात असं मेहुणा म्हणत होता.

लोहारनेट
बरोबर म्हणतो. पॅड वर्षानुवर्षं टिकतात म्हणून चाक काढून कुणी बघतच नाही. सर्व्हिसिंगला पिना काढून साफ करायला आवर्जून सांगा.