रुग्णालयाचं नेटवर्क आयपीव्ही६ वर न्यायचंय, पण सुरुवात कुठून?

परळकर: मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाचं नेटवर्क मी बघतो. नवा आराखडा म्हणतो, वर्षभरात सगळ्या इमारती आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याच्या नव्या पद्धतीवर. माझं मत, आधी फक्त संकेतस्थळ आणि अपॉइंटमेंटचं पोर्टल घ्या, तेही आयपीव्ही४ ही जुनी पद्धत चालू ठेवूनच. एक्स-रेच्या जुन्या मशिनी तूर्त तशाच राहू द्या.

चाळकरी: मुळात घाई कशाला? जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते २०११ मध्येच संपले, तरी काम चाललंय ना? आत वापरायला १० ने सुरू होणारे खासगी पत्तेच १ कोटी ६७ लाख आहेत. तो पैसा यूपीएसवर घाला.

परळकर: आतले पत्ते पुरतात हो, अडतं ते बाहेर. मोबाइलवाले हजारो ग्राहक एकेका आयपीव्ही४ पत्त्याआड बसवतात. त्यातल्या चार-पाच जणांनी पासवर्ड चुकवला की आमचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, तो पत्ताच अडवतो. मग विरार लोकलमधून नंबर लावणाऱ्या बाईंनाही पोर्टल उघडत नाही, आणि त्यांनी तर काहीच केलेलं नसतं. जिओ २०१६ पासून आयपीव्ही६ देतंय. पोर्टल त्यावर असेल तर असे फोन स्वतःच्या पत्त्याने थेट येतील.

केबलवाला: संकेतस्थळाआधी फायरवॉल बघा. विंडोजमध्ये व्हिस्टापासून आयपीव्ही६ आपोआप चालू असतं. एखाद्या लॅपटॉपने 'मीच राउटर', म्हणजे बाहेरची वाट दाखवणारं यंत्र, अशी हाळी दिली, की शेजारचे संगणक खुशाल त्याचं ऐकतात. तुमचे नियम फक्त आयपीव्ही४ चे असतील तर हा सगळा व्यवहार त्यांच्या नजरेआड.

चाळकरी: मग सगळीकडे बंदच करून टाका!

केबलवाला: मायक्रोसॉफ्टच तसं करू नका म्हणतं. ही हाळी स्विचवर, म्हणजे संगणकांच्या तारा जोडणाऱ्या पेटीवर, अडवता येते. आणि जुन्या सवयीने आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांचे आपसातले निरोप, सरसकट बंद करू नका. आयपीव्ही६ मध्ये माहितीचं मोठं पाकीट वाटेतला राउटर तोडत नाही, 'लहान करून पाठव' असा निरोप उलट धाडतो. तो निरोपच अडला तर पान अर्धवट उघडून लटकतं, आणि दोष कुठेय ते शोधण्यात दिवस जातो.

परळकर: फायरवॉल आधी, मान्य. पण पत्त्यांची आखणी आत्ताच हवी. पत्त्यांचा /४८ चा गट, म्हणजे सुरुवातीचे ४८ बिट ठरलेले, मिळाला तर ६५,५३६ उपनेटवर्क पडतात, इमारत-मजल्याप्रमाणे आकडे लावता येतील.

चाळकरी: लावा. नव्या खरेदीच्या निविदेत आयपीव्ही६ ची अटही घाला. चालू सीटी स्कॅनच्या वाटेला गेलात तर मात्र माझा विरोध कायम.

केबलवाला: निविदेत नुसतं 'सपोर्ट' लिहू नका. आयपीव्ही४ काढून मशीन चालवून दाखवा, मगच बिल, असं लिहा.